सोळाव्याच्या टोपीतला कापूस

मथळा वाचून तुमाले वाटलं असन, हा आता कापसाच्या भावाचं रडगाणं गाईन. पहिले बोंडअळी येईन, मंग कास्तकार येईन, शेवटी तुमचे डोळे ओले होतीन. नाही होत. ज्याईले रडायचं असन त्याईनं दुसरं काहीतरी वाचावं. अन् 'सोळावा' वाचून ज्याईले वाटलं का हे कोण्या राजा-राणीचं प्रकरण आहे, त्याईलेबी आधीच सांगून ठेवतो. हा सोळावा म्हणजे अमेरिकेचा सोळावा राष्ट्राध्यक्ष. आता तुमी म्हणसान, तू कधी गेलता रे अमेरिकेले? मी बडनेऱ्याहून गाडीत बसलो का अकोल्याले उतरतो. गाडी जाते पुढं, मी नाही जात.

अजून एक गोष्ट. या लिखाणात एकाबी राष्ट्राध्यक्षाचं नाव येणार नाही. नंबरच येतीन. हा नियम माहा नाही, माह्या आत्याचा आहे. तो कसा झाला ते सांगतो.

आत्या अकोल्याले राहते. शाळेत पोरांची खिचडी शिजवते. सातवीपर्यंत शिकली, मंग लग्न झालं, अन् आता पंचेचाळिशीत तिनं दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. सतरा नंबर म्हणजे शाळेत न जाता, बाहेरून परीक्षा द्यायची. तिच्यासंगं वस्तीतल्या दोघी अजून होत्या. एक ब्लाऊज शिवते अन् दुसरी आत्याची शेजारीण, नवी सून. तिघीईले अभ्यासाले जागा पाहिजे होती. आत्याच्या घरी एक खोली. तिच्यात टीव्ही, टीव्हीपुढं आत्याचा नवरा, म्हणजे आमचे मामाजी, अन् मामाजीच्या पुढं कोणाचा अभ्यास चालत नाही.

वस्तीत विहाराले लागून वाचनालय आहे. पंखे आहेत, टेबलं आहेत, थंड पाण्याचा माठ आहे. पण ते उघडते संध्याकाळी सहाले अन् बंद होते नऊले. म्हणजे बायका पोळ्या लाटतात तेव्हाच. आत्या जयंती समितीच्या बैठकीत गेली अन् दुपारी दोन ते चारची चावी मागितली. समितीचे अध्यक्ष एसटीत मेकॅनिक होते, आता रिटायर. माणूस वाईट नाही, पण बोलण्यात पाना फिरवते. ते म्हणे, "दुपारी कोण वाचते बाई? बायका बसतीन अन् गोष्टी करतीन." आत्या जागची हलली नाही. तवा मस्करीत म्हणे, "जयंतीची सामान्य ज्ञान स्पर्धा जिंका. दुपारची चावी तुमची."

सगळे हसले. आत्या नाही हसली. तिनं सचिवाले म्हटलं, "लिहा हे वहीत." अन् लिहायले लावलं.

आमच्याकडं एप्रिलमध्ये जयंतीचा आठवडा असते. त्यात भाषणं, गाणे, रांगोळी, अन् सामान्य ज्ञान स्पर्धा. स्पर्धेले दरवर्षी एक विषय देतात. गेल्या साली समितीनं ठरवलं, ज्याईची जयंती आपण करतो ते शिकायले अमेरिकेले गेलते, मंग त्या देशाचं आपल्याले काही माहीत पाहिजे का नाही? विषय निघाला, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष.

आत्यानं त्याच दिवशी मले फोन केला.

आता मी कोण? मी तिवस्याच्या शाळेत शिकलो. तिथं मी प्रसिद्ध होतो, पण गुणांसाठी नाही. हेडमास्तर वर्गात यायच्या आधी जसे खाकरत, तसा मी मागच्या बाकावरून खाकरत होतो. साठ पोट्टे ताडकन उभे राहत. एकदा खरे हेडमास्तर दारात होते अन् मी खाकरलो, तवा फक्त मीच उभा राहिलो, कान धरून, दोन तास. आता अमरावतीले खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. क्लासच्या सरांचा आवाज काढतो, बसस्टँडच्या भोंग्याचा काढतो, कुकरच्या शिट्टीचा काढतो. शिट्टी एवढी जमते का घरमालकीण दोनदा वर येऊन गॅस पाहून गेली.

"बाबू," आत्या फोनवर म्हणे, "तुह्या पुस्तकात अमेरिका आहे का?"

"हाव ना आत्या, सगळं जग आहे."

"मंग शनिवारी ये. जग राहू दे, अमेरिका घेऊन ये."

शनिवारी गेलो. आत्या शाळेतून येऊन तांदूळ निवडत बसली होती. मी वही उघडली अन् पहिल्यापासून नावं वाचायले लागलो. चौथ्या नावावर तिनं हात वर केला. म्हणे, "थांब. नावाईवर माही जीभ वळत नाही. शाळेत चारशे पोट्टे आहेत, मी कोणाचं नाव घेते का? हजेरी नंबर घेते. सत्तावीस नंबर, इकडं ये, बावीस नंबरचं ताट सांडू नको. तसं सांग."

"आत्या, स्पर्धेत नाव विचारलं तं?"

"तं दुसऱ्या दोघी सांगतीन. त्याईच्या जिभा तरण्या आहेत. तू गेला का त्या येतीन अन् वही पाठ करतीन."

असं झालं अमेरिकेचं हजेरी पुस्तक. आत्या नंबर पुकारायची अन् मी त्या त्या राष्ट्राध्यक्षाच्या आवाजात 'हजर' म्हणायचो. आवाज मले कोठून माहीत असणार? वस्तीतले आवाज घेतले. सत्ताविसावा लय जाड होता, त्याले मी पिठाच्या गिरणीवाल्याचा आवाज दिला. तेविसाव्याच्या काळात राष्ट्राध्यक्षाच्या बंगल्यात वीज आली, पण तो अन् त्याची बायको शॉक बसन म्हणून बटनाले हात लावत नव्हते, नोकरच लावत अन् बंद करत.

"तेविसावा!"

"हजर बाई, पण बटन तुमी दाबा."

आत्या तांदळात डोकं घालून हसे. म्हणे, "हे माही सासू होय. फ्रिजचं बटन काठीनं दाबे."

आठव्याच्या घरची भाषा इंग्रजी नव्हतीच. घरी डच बोलत, इंग्रजी तो नंतर शिकला. हे ऐकून आत्याले लय आनंद झाला. "म्हंजे तोई आपल्यावानीच. शाळेत गेला अन् मास्तरनं बोलणं बदलाले लावलं." अठ्ठाविसाव्यानं लढाईच्या काळात बंगल्यासमोर मेंढ्या ठेवल्या होत्या, गवत कापायले माणसं नकोत म्हणून. तिसाव्याले त्याच्या बापानंच घरच्या घरी कंदिलाच्या उजेडात शपथ दिली. दुसरा अन् तिसरा एकाच दिवशी मेले, अन् तो दिवस त्याईच्या देशाचा स्वातंत्र्य दिन. सातव्याकडं पोपट होता. सातवा मेला तवा अंत्यविधीले माणसं जमली, अन् पोपटानं भर लोकाईत अशा शिव्या सुरू केल्या का त्याले उचलून बाहेर न्यावं लागलं. हा पोपट मी केला. शिव्या अमेरिकेतल्या माहीत नव्हत्या, आपल्याच वापरल्या. शेजारची सून दारातून डोकावून म्हणे, "आत्याबाई, कोणाचं भांडण होय?"

एका ठिकाणी आत्या अडली. बाविसावा अन् चोविसावा एकच माणूस. मधात तेविसावा येऊन गेला म्हणून त्याले दोन नंबर. अन् आता आताबी तसंच झालं, पंचेचाळीस अन् सत्तेचाळीस एकच.

"एका पोट्ट्याले दोन नंबर?" आत्या म्हणे. "आमच्या शाळेत असं केलं तं साहेब तपासणीत पकडतीन. दोन ताटं खाल्ली म्हणतीन."

पहिल्याच्या वेळेस मात्र ती हसली नाही. लोक समजतात का पहिल्याचे दात लाकडाचे होते. आत्या म्हणे, "लाकडाचे असते तं घुण लागला असता." मी सांगितलं, लाकडाचे नव्हतेच. हस्तिदंताचे होते, पाणघोड्याच्या दाताचे होते, अन् माणसाईचे. त्यातले काही गुलामाईच्या तोंडातले असावेत म्हणतात.

तिचा हात तांदळात थांबला. "गुलामाईच्या?"

"हाव."

"मोठ्या अक्षरात लिही हे. पहिल्या नंबरखाली."

चार शनिवार असे गेले. आता मी माह्या चुकीवर येतो. चौथ्या शनिवारी आत्या उशीत नवा कापूस भरत होती. घरभर कापूस, तिच्या केसाईवर कापूस, माह्या चहातबी. सोळाव्याचा नंबर आला. सोळावा उंच होता, तरणेपणी कुस्त्या खेळलेला, अन् त्याची टोपी अजून उंच. तो टोपीत कागदं, चिठ्ठ्या ठेवत होता. हे खरं आहे. आत्या उशी थोपटत म्हणे, "अशी उंच टोपी. डोक्याले रुतत नसन का रे?"

अन् माह्या तोंडातून निघालं. "आत्या, आतून कापूस लावला होता ना. अकोल्याचा."

तिनं उशी खाली ठेवली. "आपल्या अकोल्याचा?"

मले तिथंच थांबता आलं असतं. पण समोरचा माणूस डोळे मोठे करून ऐकत असला का माही गाडी उताराले लागते. मी सोळाव्याचा आवाज काढला, म्हणजे आमच्या तिवस्याच्या कुस्तीच्या वस्तादाचा. "तिकडं आमची आपसात लढाई लागली बाई. आमचा कापूस बंद पडला. मंग तुमच्या वऱ्हाडातून गठाणी निघाल्या. एक गठाण मले भेट आली. म्हटलं, एवढा मऊ कापूस पायाखाली काहून घ्याचा, डोक्यावरच घेतो."

आत्यानं मूठभर कापूस हातात घेतला अन् पाहत राहिली. मी सांगणारच होतो का हे मी बनवलं. खरंच सांगणार होतो. पण मामाजी आले, म्हणे गाडीची वेळ झाली, अन् मी चप्पल पायात घालून पळालो. गाडीत माना स्टेशनापर्यंत आठवण होती. मूर्तिजापूर मागं पडलं होतं, डब्यात एक माणूस भजे विकत होता, मी त्याचा आवाज काढायले लागलो, अन् कापूस विसरून गेलो.

स्पर्धेच्या दिवशी विहाराच्या पटांगणात सतरंज्या टाकल्या होत्या. पाच वाजले होते, तरी फरशी पोळत होती. परीक्षक म्हणून हायस्कुलातले रिटायर इतिहासाचे सर आणले होते. शर्टाच्या खिशात दोन पेन, हातात कार्डांचा गठ्ठा. एका बाजूले वाचनालयातले तीन पोट्टे, माह्यासारखेच स्पर्धा परीक्षावाले. त्यातला एक चष्मेवाला जरा जास्तच हुशार दिसत होता. दुसऱ्या बाजूले आत्या, ब्लाऊजवाली अन् शेजारची सून. तिघी पांढऱ्या साड्या नेसून. वाचनालयाची चावी अध्यक्षाच्या टेबलावर पाण्याच्या बाटलीजवळ ठेवली होती. आत्या प्रश्नाकडं कमी अन् चावीकडं जास्त पाहत होती.

मी मागं उभा होतो, पोराईत.

स्पर्धा लागली अन् बायकांनी अशी धार धरली का पोट्टे गांगरले. सर काहीही विचारो, आत्याचे ओठ हलत. हजेरी घेत होती ती मनात. नंबर तिनं सांगायचा अन् नाव ब्लाऊजवालीनं. मधात सरांनी कार्ड काढलं, "पहिल्या राष्ट्राध्यक्षानं लहानपणी बापाच्या बागेतलं कोणतं झाड तोडलं अन् मंग खरं कबूल केलं?"

चष्मेवाला तोंड उघडणार तेवढ्यात आत्या म्हणे, "तोडलंच नाही सर."

"काय?"

"झाड. तोडलंच नाही. तो मेल्यावर त्याचं चरित्र लिहिणाऱ्यानं ते घातलं."

सर हसले. मोठ्या माणसाचं हसणं, पोट हलवत. "बाई, चेरीचं झाड. तीस वर्षं शिकवलं मी हे."

"असन सर. पण तोडलं नाही."

पटांगणात कुजबुज झाली. चष्मेवाल्यानं मोबाईल काढला. त्याच्याविरुद्ध जात होतं तरी पोट्टा इमानदार, वाचून म्हणे, "सर, बाई बरोबर आहेत. गोष्ट रचलेली आहे म्हणते."

सरांनी कार्ड उलटून पाहिलं, जसं मागच्या बाजूले तरी झाड असन. गुण आत्याले दिला. पण माणसाचा चेहरा उतरला तो उतरला. त्याच्या पुढं जे काही झालं त्याले हे झाड कारणीभूत होय, असं मी आजबी म्हणतो. सरांनी मनात ठरवलं असन का आता यापुढं कोणी काही सांगितलं तं आपल्याले माहीतच आहे असं दाखवायचं.

शेवटी दोन्ही बाजूले सारखे गुण झाले. अध्यक्ष म्हणे, "आता बरोबरी तोडा. दोघाईनं एकेक नवलाची गोष्ट सांगा. ज्याची जास्त नवलाची ते जिंकले. निकाल सरचा."

पोट्ट्यांनी सांगितलं का सत्ताविसावा राष्ट्राध्यक्ष नंतर तिथल्या सगळ्यात मोठ्या न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश झाला. सर म्हणे, "हो. माहीत आहे."

मंग आत्या उभी राहिली. पदर खोचला. मले वाटलं पोपट सांगीन. माह्या जिवाले पोपटाची खात्री होती. आत्यानं माइक हातात घेतला अन् म्हणे, "सोळाव्या राष्ट्राध्यक्षाची टोपी उंच होती. तो तिच्यात कागदं ठेवे. अन् तिले आतून जो कापूस लावला होता, तो आपल्या अकोल्याचा होता."

अन् मंग! टाळ्या अशा पडल्या का विहाराच्या छतावरचे कबुतरं उडाले. समोरच्या रांगेत जिनिंगमध्ये हमाली केलेला एक म्हातारा होता, तो काठी टेकून उभा राहिला. "माह्या आजानं बांधली असन ते गठाण!" बाया एकमेकींकडं पाहून माना डोलवत होत्या. आता तुमीच सांगा, अकोल्यात उभं राहून 'हे खोटं' म्हणायची कोणाची छाती होईन? चष्मेवाल्याच्या हातात मोबाईल होता. त्यानंबी पाहिलं नाही. तोई अकोल्याचाच ना.

सगळे सरांकडं वळले. सरांनी घसा साफ केला. "हो हो," म्हणे. "वाचलंय मी हे." थांबले, अन् अजून थोडं घातलं. "लांब धाग्याचा होता तो कापूस."

मी मागच्या मागं खाली बसलो. हसू का पळू, ठरत नव्हतं. अध्यक्षानं चावी उचलली अन् आत्याच्या हातात दिली.

वाचनालयापासून आत्याचं घर पाच मिनिटं. ती चावी मुठीत धरून चालत होती, मधामधात मूठ उघडून पाहत होती. म्हणे, "सोमवारपासून बसतो बाबू. गणित पहिले काढतो. गणितात मी कच्ची आहे." माह्या आतून हसण्याची उकळी फुटत होती. मी थांबलो, छाती फुगवली, खिशाले दोन पेन असल्यासारखा हात लावला अन् म्हटलं, "वाचलंय मी हे. लांब धाग्याचा होता तो कापूस."

आत्या हसली. "सेम टू सेम. पण त्यात हसण्यासारखं काय आहे? वाचलं असन त्याईनं."

"कसं वाचतीन आत्या? मी लिहिलंच नाही ते कुठं."

ती थांबली. रस्त्यात, नळाजवळ. मी अजून हसत होतो. मंग हसू आपोआप थांबलं.

"टोपी खोटी?"

"टोपी खरी. कागदंबी खरी."

"कापूस?"

"...तो माहा."

ती वळली अन् वापस चालायले लागली. मी मागं मागं. "आत्या, ऐक ना, कोणाले माहीत पडते? सर खुद्द म्हणाले वाचलं. म्हातारा म्हणे माह्या आजानं गठाण बांधली. सगळे खुश आहेत. तू काहून खराब करते?"

"उद्या दहावीच्या पेपरात असंच लिहू का?" एवढंच म्हणे, अन् चाल वाढवली.

पटांगणात पोट्टे सतरंज्या गुंडाळत होते. सर, अध्यक्ष अन् ते म्हातारेबुवा चहा पीत बसले होते. आत्यानं चावी टेबलावर ठेवली, जिथून उचलली तिथंच. "सर, ते कापसाचं खोटं होतं. माह्या भाच्यानं मस्करीत सांगितलं, मले खरं वाटलं. माहे गुण कापा."

मंग एकेक मान सरांकडं वळली. चष्मेवाल्यानंच विचारलं, अन् लय गरीब आवाजात, "पण सर, तुमी तं वाचलं होतं?"

सरांनी कप खाली ठेवला. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मले वाटलं आता आत्यावर ओरडतीन. म्हणे, "कापसाचं वाचलं होतं. टोपीचं नाही." अन् मंग हळू आवाजात सांगितलं का त्या लढाईत तिकडचा कापूस खरंच अडला होता, अन् वऱ्हाडातून विलायतेले गठाणी खरंच गेल्या. म्हाताऱ्याकडं पाहून म्हणे, "तुमच्या आजानं बांधली असन बुवा. पण टोपीसाठी नाही."

म्हातारा म्हणे, "चालते मले."

"मंग आता?" अध्यक्षानं डोकं खाजवलं. "बरोबरी तं तशीच राहिली."

चष्मेवाला म्हणे, "बाईले अजून एक सांगू द्या. खरं."

"हाव. पण हा," अध्यक्षानं माह्याकडं बोट केलं, "हा फाटकाबाहेर उभा राहीन. अन् तोंड तिकडं करीन."

मी फाटकाबाहेर रस्त्याकडं तोंड करून उभा राहिलो. तेविसाव्या वर्षी. येणारे जाणारे पाहत होते. कान मात्र मागंच होते. मले कळत होतं, आत्याचे ओठ हलून राहिले असतीन. पहिला, दुसरा, सातवा. कोणता खरा, कोणता या भैताडानं बनवला? तिनं त्या चार शनिवारातली एकेक गोष्ट उचलून पाहिली असन, जसे ती तांदळातले खडे पाहते. अन् तो विचार आल्यावर मले पहिल्यांदा खरी लाज वाटली.

"दहावा," ती म्हणे. "दहावा राष्ट्राध्यक्ष पेशवाईच्या काळात जन्मला. अन् त्याचा नातू आता आता परेंत जित्ता होता."

"पणतू म्हणा," अध्यक्ष म्हणे.

"नातू. पोराचा पोरगा."

लगेच गलका. "नाही जमत!" "खोटं!" "बाई, एका दिवसात दोन दोन?" म्हातारा तं म्हणे, "पेशवाईतल्या माणसाचा नातू मोबाईलच्या जमान्यात? माहा नातू मले मोबाईल चालू करून देत नाही, इथं आजा पेशवाईतला!" ज्याईनं टोपीतला कापूस डोळे मिटून घेतला होता, ते सगळे आता न्यायाधीश झाले होते. मी वळणार होतो. फाटकातून कोणीतरी ओरडलं, "तिकडं पाय!"

"मोबाईल काढ," सर चष्मेवाल्याले म्हणे.

वेळ गेला. रेंज येत नव्हती. पोट्टा बाकावर चढला. मंग त्याचा आवाज आला, वाचता वाचता बदलत गेलेला. "सतराशे नव्वदचा जन्म... आजाले त्रेसष्टाव्या वर्षी पोरगा झाला... त्या पोराले पंच्याहत्तराव्या वर्षी... सर, बरोबर आहे. नातूच आहे."

"म्हंजे तीन माणसाईत पेशवाई ते मोबाईल," सर म्हणे. मंग ते उभे राहिले. खुर्ची सरकल्याचा आवाज मले आला. "हे मी वाचलं नव्हतं," मोठ्यानं म्हणे, माइक नसताना. "तीस वर्षं इतिहास शिकवला, पण हे माहीत नव्हतं. बाई जिंकल्या."

चावी वापस मिळाली. दोन ते चार, रविवार सोडून. चष्मेवाल्यानं आत्याले विचारलं, गणिताले काही अडलं तं मी येऊ का? आत्या म्हणे ये, पण तू मस्करी करते का? तो म्हणे नाही. म्हणे मंग ये.

मले वाटलं होतं, चला, शेवट गोड झाला. घरी आलो. चपला काढल्या. मामाजीनं टीव्हीचा आवाज कमी केला, तवाच मले समजायले पाहिजे होतं.

"बस," आत्या म्हणे.

मी बसलो.

"तुले काय वाटलं, मी हसते म्हणून मी खेळून राहिली? चार शनिवार खिचडीचे हात धुवून बसली मी. पाय दुखे, तरी बसली. तू पुस्तकं वाचते, तू क्लासले जाते, तू सांगतलं म्हणजे मी मान डोलावली. मले कसं समजन यातलं तुहं कोणतं अन् पुस्तकातलं कोणतं? तुले ते समजते. मले नाही समजत, म्हणून तं शिकून राहिली ना मी!"

"आत्या, मी सांगणार होतो, पण गाडीत भज्यावाला आला, मी त्याचा आवाज..."

"गाडीचं नाव घेऊ नको. चार दिवस होते मधात. फोन नव्हता तुह्याकडं? भज्यावाल्याचा आवाज काढायले वेळ होता. ब्लाऊजवाली सारं शिवणकाम बाजूले ठेवून येत होती. ती सून सासूच्या शिव्या खाऊन येत होती. अन् चावी तुह्या त्या कापसावर टांगून ठेवली होती. पडली असती तं?"

मी खाली पाहत होतो. सवयीनं तोंडातून निघालं, "सोळावा, हजर."

"गप!" मामाजी म्हणे. मामाजीनं. जो माणूस टीव्हीशिवाय कोणाशी बोलत नाही.

"अजून काय काय घातलं तू त्याच्यात?" आत्यानं वही पुढं केली. "नंबर नंबर पाहून सांग. खरं काय, खोटं काय. एकच होतं का?"

मी वही चाळली. "एकच आत्या. ...अन् अर्धं."

"अर्धं कोणतं?"

"अठ्ठाविसाव्याच्या मेंढ्या खऱ्या आहेत. मेंढपाळ कुऱ्हा गावचा होता म्हटलं होतं, तो नाही."

तिनं कपाळाले हात लावला. मंग पुन्हा पहिल्यापासून सुरू. शिकलेला माणूस अन् त्यानं असं करावं. तुह्या बापानं तुले अमरावतीले कशाले ठेवलं, आवाज काढायले? उद्या तू साहेब झाला तं लोकाईले काय सांगशीन? सरसारख्या म्हाताऱ्या माणसाले भर पटांगणात चष्मा पुसायले लावला. अर्धा तास. कूलरमधलं पाणी संपलं तरी ती थांबली नाही.

शेवटी तिनं मोबाईल उचलला, बडनेऱ्याले माह्या मायले फोन लावला, सगळं सांगितलं, पहिल्या नंबरपासून, अन् फोन माह्या हातात दिला. "घे. आता माय बोलते."

मी हॅलोबी म्हटलं नाही. माय म्हणे, "मले फक्त एक सांग. आतापरेंत क्लासचं, पेपरचं, मार्काचं जे जे तूनं घरी सांगतलं, त्यातलं खरं किती?"